बुवांचा आवाज कोणी विकला

१

या, जवळ या. मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसलात ना, तुम्हीही सरका पुढे. जागा पुष्कळ आहे, आणि ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही. एक आवाज चोरीला गेला, त्याची ही गोष्ट. कान तेवढे उघडे ठेवा, कारण या प्रकरणात जे काही सापडलं ते कानांनीच सापडलं. आणि शेवटी मी एक मागणं मागणार आहे. ते अवघड नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काकूंच्या डोळ्यांत उजेडाचा बारीक किरण सोडला, पुन्हा एकदा सोडला, मग दिवा विझवून स्टूल मागे सरकवलं. उजवा डोळा गेला होता. डावा एखाद्या नळीतून पाहावं तेवढाच उरला होता.

काकू म्हणजे आमच्या वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकू. निम्म्या वस्तीच्या अंगावरचे कपडे त्यांच्या हातचे. पाच वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू निघाला होता. हा रोग दुखत नाही, खुपत नाही. दिवसातून दोनदा थेंब घातले तर गप्प राहतो, नाही घातले तर कडेकडेने नजर कुरतडत मध्यापर्यंत येतो. काकू थेंब चुकवणाऱ्यातल्या नव्हत्या. शिवणयंत्राच्या खणात बाटली, शेजारी कात्री, आणि दोन्हींची जागा ठरलेली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, थेंब कधीपासून बंद आहेत. काकू म्हणाल्या, सात महिने झाले.

"कोणी सांगितलं बंद करायला?"

काकूंनी मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले आणि सोडले.

"बुवांनी."

सोबत गेलेली शेजारीण खुर्चीतून अर्धी उठली. कारण बुवा गेलं वर्षभर एक अक्षर बोललेले नव्हते. बोलूच शकत नव्हते.

२

बुवा आमच्या प्रार्थनागृहाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचे. पस्तीस वर्षं दर आठवड्याला त्यांनी निरूपण गायलं. साधं बोलता बोलता कधी सुरात शिरायचे ते कळायचं नाही, आणि सुरातून परत बोलण्यावर आले की आपण मघापेक्षा थोडे बरे झालोत असं वाटायचं. घरातलं भांडण दाराशी चपलांबरोबर सोडून लोक आत यायचे, आणि कित्येक जण परत जाताना ते उचलायचं विसरायचे. सुरुवात ठरलेली: "जवळ या. मागे बसलेल्यांनो, तुम्हीही पुढे या." मीही आत्ता तुम्हाला तसंच बोलावलं, ती सवय तिथलीच.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि आवाजाची पेटी काढून घेतली. बुवा तेव्हापासून मानेला पाडलेल्या छिद्रातून श्वास घ्यायचे आणि गळ्यात अडकवलेल्या पाटीवर लिहायचे.

त्यामुळे शेजारणीला आधी वाटलं, काकूंचं डोकंही गेलं. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना काकूंनी सांगितलं की बुवांनी फोनवर सांगितलं, जाहिरातीत. शेजारीण थबकली. तशी एक जाहिरात तिच्याही फोनवर आली होती. तिने ती बाटली मागवलीसुद्धा होती. डोळे गार पडले, बाकी काही झालं नाही, म्हणून विसरून गेली होती.

संध्याकाळपर्यंत ती जाहिरात सगळ्या वस्तीने ऐकली. पडद्यावर जोडलेले दोन हात, सोनेरी उजेड, एक छोटी बाटली. आणि बुवांचा आवाज, यात कोणाला शंका नव्हती.

"जवळ या. मागे बसलेल्यांनो, तुम्हीही पुढे या. देवाने दिलेली वस्तू जपावी कशी, ते आज तुम्हाला सांगतो. डोळे ही देवाची देणगी आहे आणि मी स्वतः हेच थेंब वापरतो दवाखान्याचे थेंब डोळ्यांची आग करतात ते आजपासून बंद करा पहिली बाटली मोफत आहे फक्त आजच्या दिवस आणि फक्त पहिल्या शंभर जणांना."

खाली लाल आकड्यांचं घड्याळ उलटं धावत होतं: संधी संपायला नऊ मिनिटं एकोणसाठ सेकंद.

प्रार्थनागृहाच्या अध्यक्षांना तीन वाक्यं बोलायला एरवी पाव तास लागायचा. त्या दिवशी ते एकाच वाक्यात मोकळे झाले: येत्या रविवारी सभा, आणि बुवांनी आवाज विकला असेल तर खोल्या रिकाम्या. आधी रीत म्हणून चार जण बुवांना विचारायला गेले. बुवांनी जाहिरात पूर्ण ऐकली. दुसऱ्या वाक्याला त्यांच्या हातातला खडू खाली पडला. मग त्यांनी तो उचलला आणि पाटीवर चार शब्द लिहिले.

"आवाज माझा. चूक माझी."

३

बुधवारी बुवांचा मुलगा घड्याळमावशीच्या दुकानात आला.

घड्याळमावशी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारी बाई. नवरा गेल्यावर तिने त्याची हत्यारं आणि त्याची गिऱ्हाइकं दोन्ही सांभाळली. भिंतीवर चाळीस घड्याळं, सगळी चालू, आणि त्या गजरात ती एका डोळ्याला भिंग लावून शांत बसलेली. माणूस बोलत असताना मध्ये न बोलण्याची तिला सवय होती. त्यामुळे लोक तिला ठरवलेल्यापेक्षा जास्त सांगून जायचे. वस्तीतली दोन-तीन हरवलेली माणसं आणि एक हरवलेलं मृत्युपत्र तिने असंच नुसतं ऐकून शोधून काढलं होतं.

मुलगा फोन दुरुस्तीचं आणि छपाईचं दुकान चालवायचा. आठ महिन्यांपूर्वी त्याने बाजूचा गाळा घेतला होता, आणि नेमकं तेच आता अंगाशी आलं होतं.

"मावशी, लोक मला विचारतात, बापाच्या घशाचे किती मिळाले," तो म्हणाला. "आणि बाबा आहेत की पाटीवर कबुली देऊन बसलेत. मी हात जोडले, म्हटलं, निदान 'नाही' असं तरी लिहा. पुसतच नाहीत."

तिने जाहिरात चार वेळा ऐकली. पाचव्यांदा उघडली तेव्हा ते लाल घड्याळ पुन्हा नऊ मिनिटं एकोणसाठ सेकंदांवर आलं होतं. "हे घड्याळ वेळ दाखवत नाही, घाई दाखवतं," ती तुच्छतेने म्हणाली. बिघडलेल्या घड्याळावर ती कधी रागावत नसे. खोटं बोलणारं घड्याळ तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मग तिने दोन गोष्टी विचारल्या. पहिली, ही जाहिरात कोणाकोणाकडे आली. त्याने शोधून ठेवलं होतं: बरोबर अकरा बायका. दहा वस्तीतल्या, आणि अकरावी तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात राहायला गेलेली. तिचा नंबर वस्तीत आता कोणाकडे असेल असंही वाटत नव्हतं. बुवांच्या घरी, अध्यक्षांकडे किंवा पुरुषांपैकी कोणाकडेही ती आपणहून आली नव्हती.

दुसरी गोष्ट विचारताना मावशीने भिंग डोळ्यावरून काढलं.

"तुझ्या बाबांचा श्वास कुठे आहे?"

मुलाला कळेना. ती म्हणाली, तुझे बाबा वाक्य संपलं की श्वास घ्यायचे, पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा. इथे पहिल्या तीन वाक्यांपाठी तो आहे. पुढच्या सगळ्या लांबलचक बोलण्यात एकदाही नाही. एवढं एका दमात बोलायला माणसाला फुप्फुसं नसावी लागतात.

"म्हणजे पुढचं बाबा बोललेच नाहीत?"

"पुढचं कोणीच बोललेलं नाही. यंत्राने शिवलंय, सुरुवातीच्या तुकड्याच्या मापाने. पण तो तुकडा खरा आहे, आणि तो कोणीतरी दिलाय."

बुवांच्या निरूपणाचं प्रत्येक ध्वनिमुद्रण एकाच माणसाकडे होतं.

४

तो माणूस म्हणजे पेटीवाला. वीस वर्षं बुवांच्या डाव्या हाताला बसून त्याने पेटी वाजवली होती. बुवांचा आवाज गेल्यावर त्यांच्या जागी आपल्याला बसवतील असं त्याला वाटलं होतं. दोनदा बसवलंही. तिसऱ्या वेळी सातच माणसं आली. तेव्हापासून तो कोणाच्या अध्यातमध्यात नव्हता.

मावशीला पाहून ती कशाला आली ते त्याने ओळखलं. आत न बोलावता दारातच म्हणाला, "मी विकला असता तर निदान सुरात विकला असता."

मावशीला हसू आलं आणि तिने ते दाबलं नाही. त्यानेही मग आत घेतलं. पत्र्याच्या डब्यात त्याने पस्तीसपैकी वीस वर्षांची निरूपणं नीट तारखा घालून ठेवली होती. रागावलेला माणूस होता, पण डब्यावर धूळ नव्हती. मावशीने कुठलीही तीन लावायला सांगितली. तिन्हींत प्रार्थनागृहाचं उंच छप्पर ऐकू येत होतं. बुवांचं वाक्य संपलं की तेच वाक्य मागच्या भिंतीला लागून पुसट होऊन परत यायचं. कोणाचं खोकणं, कोणाच्या बांगड्या.

जाहिरातीतला आवाज तसा नव्हता. तो जवळचा होता आणि कोरडा होता, लहान खोलीत, गाद्या-गोधड्यांच्या ढिगाशेजारी बसून बोलावं तसा. डब्यातलं एकही ध्वनिमुद्रण तिथे जुळत नव्हतं. निघताना पेटीवाल्याने विचारलं, रविवारी बुवांच्या बाजूने बोलायला कोणी लागणार आहे का, आणि लागणार असेल तर त्याला सांगावं.

मग मावशी बुवांकडे गेली. दुपारची वेळ. एक खाट, एक खुर्ची, पुस्तकांची फळी. बुवांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या कडेवर बसले. पाटी गळ्यात तशीच होती, त्या चार शब्दांची.

तिने विचारलं, ही पहिली तीन वाक्यं कुठे बोलला होतात. बुवांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिने विचारलं, कोणाला वाचवताय, मुलाला का. बुवांनी मान हलवली, नाही अशी, आणि इतकी सावकाश की ती खोटी वाटेना. तेव्हा तिने काही न विचारता फोन खाटेवर ठेवला आणि जाहिरात सुरू केली.

आणि तिला ते ऐकू आलं. आवाजाखाली काहीतरी होतं. टिक… टक. टिक… टक.

दुकानात चार वेळा ऐकूनही तिला ते कळलं नव्हतं, कारण दुकानात चाळीस घड्याळं होती. टिकटिक ऐकली तर आपल्याच भिंतीची असणार, असं तिच्या कानांनी धरून टाकलं होतं. तिने मान वर करून खोलीच्या चारी भिंती पाहिल्या. बुवांच्या खोलीत घड्याळच नव्हतं.

तिने जाहिरात पुन्हा लावली. पहिल्या तीन वाक्यांखाली टिकटिक होती, आणि "डोळे ही देवाची देणगी" पाशी ती कात्रीने कापावी तशी तुटत होती. शिवण नेमकी तिथेच होती. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून ऐकलं. ठोके सारखे नव्हते. एक लांब, एक आखूड. घड्याळ लंगडत होतं.

डोळे उघडले तेव्हा बुवा तिच्याकडेच पाहत होते. त्यांनी घाईने पाटी पुसली. गेले तीन दिवस ज्या पाटीला त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता, ती. आणि लिहिलं:

"पुढे जाऊ नका."

पण उशीर झाला होता. ते लंगडं घड्याळ मावशीला ठाऊक होतं. ते नीट करू द्या म्हणून तिने स्वतः दोनदा विनवलं होतं.

५

लंबकाचं घड्याळ भिंतीवर पातळीत बसलं नाही की त्याचे ठोके सारखे पडत नाहीत. मावशी त्याला लंगडणं म्हणायची. दोन बोटांनी केसभर सरकवलं की बरं होतं. पण या घड्याळाच्या मालकिणीने ते सरकवू दिलं नव्हतं. जुनी इमारत एका बाजूला खचलेली, त्यामुळे दाराची चौकट तिरकी. मालकिणीचा जन्म सरळ शिवणी घालण्यात गेलेला. तिने घड्याळ डोळ्यांनी मापून चौकटीला समांतर लावलं. पाहणाऱ्याला ते सरळ दिसायचं आणि म्हणूनच ते वाकडं होतं. मावशीने खऱ्या पातळीत आणलं की ती म्हणायची, "अगं, डोळ्यांत खुपतंय, राहू दे माझं होतं तसं."

आता अकरा बायकांचंही कोडं सुटलं. दुसऱ्या शहरात गेलेल्या त्या बाईचे कपडे अजून इथूनच शिवून जायचे. तिचा नंबर वस्तीत एकाच वहीत होता, मापांच्या वहीत.

आणि आवाज कोरडा का, तेही. कापडांच्या ताग्यांनी भरलेल्या खोलीत आवाज असाच बुडतो.

मावशी रस्त्यात बराच वेळ उभी राहिली. चोराचा माग काढत ती ज्या दाराशी पोचली होती, ते जिची नजर या चोरीत गेली तिचंच दार होतं. वर जावं की परत फिरावं? परत फिरली तर रविवारी बुवा रस्त्यावर. वर गेली तर ज्या बाईची नजर गेली तिच्या पदरात हेही टाकायचं.

ती वर गेली. काकू खिडकीशी बसून सुई ओवत होत्या. दोरा सुईच्या नेढ्याला चुकून पुढे जात होता, परत येत होता. भिंतीवर घड्याळ चाललं होतं, टिक… टक.

"ये गं," काकू न पाहताच म्हणाल्या. "पावलांवरून ओळखते आता. बघ, तुझ्यासारखी झाले."

६

मावशीने सुई-दोरा त्यांच्या हातातून घेतला, ओवून परत दिला, आणि सरळ विचारलं. काकूंनी नाकारलं नाही. बहुतेक कोणीतरी विचारावं याचीच वाट पाहत होत्या.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बुवा मापं द्यायला म्हणून आले होते. मानेला शिवण पडणार, तर गळ्याशी सैल असे दोन सदरे हवे होते. मापं झाल्यावर काकूंनी भीत भीत विचारलं होतं, माझ्यासाठी चार शब्द बोलाल का, फोनमध्ये ठेवते, शिवताना ऐकेन. बुवा त्या खुर्चीत बसून दहा मिनिटं बोलले. समोर श्रोता एकच, तरी सुरुवात तीच: जवळ या, मागे बसलेल्यांनो.

तीन महिन्यांनी काकूंच्या फोनवर एक जाहिरात आली. आजारात आवाज गमावलेल्या तुमच्या माणसाला पुन्हा बोलतं करा. त्याच्या जुन्या आवाजाचा नमुना पाठवा. आम्ही त्याला यंत्र देऊ, तो लिहील आणि यंत्र त्याच्याच आवाजात बोलेल. सेवा मोफत. जाहिरातीत एक म्हातारा होता, आणि त्याची नात त्याचा आवाज ऐकून रडत होती. काकूही रडल्या. मग त्यांनी विचारलेलं सगळं भरलं. आवाज कोणाचा, तुमचं वय काय, तुम्हाला कुठले आजार, कुठलं औषध, त्याने काय त्रास होतो. काकूंनी लिहिलं, थेंब घातल्यावर डोळ्यांची आग होते. शेवटी म्हटलं होतं, या माणसाला मानणाऱ्या दहा जणांचे नंबर द्या म्हणजे यंत्र लवकर मिळेल. काकूंनी मापांची वही काढली.

"बुवांना सांगितलं का नाहीस?"

"म्हटलं, यंत्र येईल तेव्हा कळेलच त्यांना. कोणी दिलं ते न कळता मिळालेलं बरं असतं गं."

महिन्याभरात तो आवाज त्यांच्या फोनवर आला. काकूंना वाटलं, मिळालं यंत्र. बुवा लिहिताहेत आणि ते बोलतंय. आणि पहिलं बोलले ते काय, तर माझ्या डोळ्यांबद्दल. थेंबांची आग होते हे बुवांना कसं कळलं असेल याचाही काकूंनी विचार केला आणि उत्तर देवावर सोडलं. दवाखान्याची बाटली खणातून काढून त्यांनी कचऱ्यात टाकली. नवे थेंब गार होते. सात महिने त्या रोज तो आवाज ऐकून थेंब घालत होत्या, हात जोडून.

"एकदा भेटायला गेले तेव्हा म्हटलंही त्यांना. म्हटलं, बुवा, मी रोज ऐकते हं तुमचं. तसंच करते. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मान डोलावली." काकूंनी ओवलेली सुई पदराला टोचून ठेवली. "त्यांना वाटलं असणार, त्या दिवशीचं ऐकते म्हणून. त्या दहा मिनिटांचं."

मावशीला तेव्हा कुठे ते चार शब्द कळले. चार जण जाहिरात घेऊन गेले, बुवांनी पहिली तीन वाक्यं ऐकली, आणि ती कुठे बोललो, कोणाच्या फोनमध्ये होती हे त्यांना लागलीच कळलं. आपण मान डोलावली हेही आठवलं. आपल्या एका होकारावर ही बाई आंधळी झाली, असा त्यांनी हिशेब मांडला आणि कबुली देऊन टाकली. नजर गेलेल्या बाईला लोकांनी मूर्ख म्हणू नये, म्हणून त्यांनी स्वतःला चोर म्हणवून घेतलं.

"त्या थेंबवाल्यांना मी काय दिलं माहीत आहे?" काकू म्हणाल्या. "माझा आजार दिला, माझ्या मैत्रिणींची यादी दिली, आणि मी ज्याच्यावर विश्वास ठेवते तो आवाज दिला. त्यांनी तिन्ही एकत्र शिवून मलाच घातलं. माप अगदी बरोबर होतं."

७

रविवारी प्रार्थनागृह भरलं. पस्तीस वर्षांत निरूपणालाही इतके लोक आले नसतील. अध्यक्ष प्रास्ताविक करत होते. पेटीवाला पहिल्या रांगेत, बोलायचं म्हणून घसा साफ करून तयार.

मावशीने काकूंना सांगितलं होतं की तुझं नाव न घेता मी श्वासाचं आणि घड्याळाचं सांगेन, तेवढ्याने भागेल. काकू म्हणाल्या होत्या, बघू. प्रत्यक्षात मावशी उठायच्या आधी त्याच उठल्या आणि शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेल्या. नेमक्या कुठे थांबायचं ते न दिसल्याने त्या अध्यक्षांच्या टेबलाला धडकल्या. कोणी हसलं नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, रडल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "आवाज बुवांनी विकला नाही. मी फुकट दिला."

मग मावशीने ती तीन वाक्यं ऐकवली आणि सगळ्यांना म्हणाली, शब्द ऐकू नका, खालचं ऐका. दोनशे माणसं श्वास रोखून एका लंगड्या घड्याळाचे ठोके ऐकत होती. ठोके तुटले तिथे तिने बोट वर केलं.

बुवा उठले. खडूचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पाटीवर लिहिलं होतं: "तिने मला बोलतं करायला दिला." ती पाटी ते बराच वेळ उंच धरून उभे होते. मुलाने येऊन दुसरी बाजू धरली.

खोल्या राहिल्या. अध्यक्षांनी माफी मागितली, त्यांच्या पद्धतीने, पाव तास. तुम्हाला वाटेल, चला, सुटलं. मलाही तिथेच थांबायला आवडलं असतं.

पण मुलाने तक्रार केली, त्याचं काय झालं तेही ऐका. बाटलीवरच्या पत्त्यावर एक बंद गाळा निघाला, शटरला गंज चढलेला. पोलिसांनी अर्ज घेतला आणि क्रमांक दिला. जाहिराती दाखवणाऱ्या कंपनीने दोन दिवसांत नम्र उत्तर पाठवलं की सदर जाहिरात तपासली असता ती नियमांत बसते. पुढच्या आठवड्यात ती आपोआप नाहीशी झाली आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या नावाच्या बाटलीबरोबर परत आली. चोर कोण, असं विचाराल, तर मावशीच्या कानांनाही त्याचा चेहरा सापडला नाही. त्याला चेहराच नाही. आवाजसुद्धा त्याला दुसऱ्याचा घ्यावा लागतो.

बुवा त्यानंतर पाच महिने जगले. आठवड्यातून एकदा काकूंकडे जाऊन बसायचे. काकू फोनवर ती दहा मिनिटं लावायच्या, खरी, श्वासांसकट, आणि दोघं ऐकायचे. बुवांच्या अंगात त्यांनीच शिवलेला सैल गळ्याचा सदरा असायचा. बुवा गेले त्या आठवड्यात मावशीने विचारलं, आता तरी घड्याळ सरळ करू का, तुला आता तसंही खुपणार नाही. काकू म्हणाल्या, नको, त्यांच्या बोलण्याखाली तेच आहे.

तोवर काकूंचा डावा डोळाही गेला होता. डॉक्टरीणबाई आधीच म्हणाल्या होत्या, गेलेली नजर परत आणता येत नाही, उरलेली फक्त राखता येते, आणि उरलेली फार थोडी होती. आता त्या बोटांनी चाचपून काजं करतात.

आणि आवाज अजून हिंडतो आहे. आवाजाचा धनी मातीत गेला, पण तो आता दुसऱ्या शहरांत गुडघ्यांचं तेल विकतो, साखरेच्या रोगावर चूर्ण विकतो. मी परवाच ऐकला. एका क्षणासाठी मलासुद्धा पुढे सरकून बसावंसं वाटलं.

तर माझं मागणं हे. कधी दुपारी तुमच्या फोनमधून एक भरदार, मायेचा आवाज येईल. म्हणेल, जवळ या, मागे बसलेल्यांनो, तुम्हीही पुढे या. त्या वेळी जवळ जाऊ नका. नुसता कान द्या. पहिल्या तीन वाक्यांखाली एक घड्याळ लंगडत चाललेलं ऐकू येईल, एक ठोका लांब, एक आखूड. ते ऐकू आलं की हातातलं काम क्षणभर थांबवा आणि काकूंची आठवण काढा.